शुद्ध रंगाचा प्रकाश : नोटेपासून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत

(नाशिक येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेली नोट देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या कनवटीला ती असते, ऊसतोडणी कामगाराच्या उचलीत असते आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वसुलीतही असते. उन्हात पाहिली तर तिच्यावर नेहमीच्या शाईचे रंग दिसतात. तीच नोट काळोख्या खोलीत जंबुपार, म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकांतील अतिनील, किरणांच्या दिव्याखाली धरली तर तिचे दुसरेच रूप प्रकट होते. कागद काळपट राहतो. मात्र क्रमांकाचे आकडे आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू स्वतःच्या तेजाने उजळतात. महात्मा गांधी मालिकेच्या नोटांविषयी रिझर्व्ह बँकेने लोकांसाठी जी माहिती प्रसिद्ध केली, तीत या दोन्ही खुणांचा उल्लेख आहे.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाश घेऊन दिसणारा प्रकाश देण्याच्या या क्रियेस अनुस्फुरण असे म्हणतात. घेतलेली ऊर्जा ठराविक रंगाच्या प्रकाशाच्या रूपाने परत देणाऱ्या द्रव्यांचा वर्ग मोठा आहे. दूरचित्रवाणीचा पडदा, खिशातील मोबाइल, रस्त्यावरील एलईडी दिवा आणि नोटेवरील शाई ही सर्व त्याच कुळातील मंडळी होत. ही द्रव्ये कशी घडवितात, त्यांचा रंग शुद्ध कसा राखतात आणि या विद्येशी महाराष्ट्राचा व विशेषतः नाशिकचा काय संबंध आहे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय प्रयोगशाळेचा वाटला तरी त्याची झळ सामान्य माणसाला पोहोचते. बनावट नोट बँकेत उघडकीस आली, की बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि पोच देते. पण तिच्या बदल्यात एक रुपयाही देत नाही. नोट कोणी बनविली याचा शोध लागो वा न लागो, तोटा शेवटच्या निरपराध माणसाच्या पदरी पडतो. म्हणून द्रव्याच्या शुद्ध तेजाचा प्रश्न हा शेवटी विश्वासाचाही प्रश्न आहे.

शाईचा रंग आणि प्रकाशाचा रंग

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या व्यवसायात होते. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस गेले होते. छपाई आणि पडदा या दोन्ही माध्यमांशी ज्यांचा निकट संबंध आला, अशा या थोर पुरुषाच्या जीवनातच प्रस्तुत विषयाची दोन टोके एकत्र आलेली दिसतात.

छापील रंग हा वजाबाकीचा असतो. पिवळी शाई पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग शोषून घेते आणि उरलेला भाग परत पाठविते. जितक्या शाया एकावर एक चढवाव्यात, तितका प्रकाश कमी होत जातो आणि शेवटी काळपटपणा येतो. पडद्यावरील रंग हा बेरजेचा असतो. तेथे लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकारचे सूक्ष्म ठिपके स्वतः प्रकाश देतात. तिन्ही योग्य प्रमाणात उजळले तर पांढरा रंग दिसतो आणि तिन्ही विझले तर काळा. शाईला बाहेरच्या उजेडाचा आधार लागतो. पडद्याला तो नसतो. जो रंग त्या तीन ठिपक्यांच्या द्रव्यांत नाही, तो पडद्यावर कोठूनही आणता येत नाही.

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घेतले तर ही अडचण ध्यानात येईल. विणकर आज साडीचे छायाचित्र मोबाइलवर पाठवितो आणि दूरगावचे गिऱ्हाईक ते पाहून मागणी नोंदविते. काठाचा गर्द हिरवा किंवा पदरावरील लाल रंग पडद्यावर फिकट दिसला, तर विणकराच्या रंगाऱ्याचे कसब गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. साडी हाती आल्यावर रंग वेगळा वाटला, तर दोष मात्र विणकराच्या माथी येतो.

शुद्ध रंग कशास म्हणावे?

मानवी डोळ्यास साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. जांभळ्या टोकाची तरंगलांबी सर्वांत कमी, तर तांबड्या टोकाची सर्वांत अधिक असते.

पेटीची एकच पट्टी दाबली तर एक स्वच्छ सूर निघतो. पट्ट्यांवर तळहात ठेवला तर शेजारचे अनेक सूर एकदम वाजतात आणि मूळ सूर त्यांत हरवतो. प्रकाशाचेही तसेच आहे. एखादे द्रव्य एका तरंगलांबीच्या आसपास अगदी अरुंद पट्ट्यात प्रकाश देत असेल, तर त्याचा रंग शुद्ध व गडद दिसतो. पट्टा रुंद असेल, तर शेजारच्या रंगांची भेसळ होऊन तो पांढुरका होतो. हा पट्टा मोजण्याची रीत ठरलेली आहे : प्रकाशाची तीव्रता जेथे कमाल असते, तिच्या निम्म्या पातळीवर पट्टा किती नॅनोमीटर रुंद आहे, हे पाहतात. बहुतेक सेंद्रिय अनुस्फुरक रंगद्रव्यांत ही रुंदी ५० ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अतिस्पष्ट दूरचित्रवाणीसाठी २०१२ साली जो दंडक ठरविला, त्यात लाल रंगासाठी ६३०, हिरव्यासाठी ५३२ आणि निळ्यासाठी ४६७ नॅनोमीटर अशा एकेका तरंगलांबीच्या आदर्श रंगांची योजना आहे. हे तीन रंग म्हणजे त्रिकोणाचे तीन कोन मानले, तर पडद्यावर दाखविता येणारे सर्व रंग त्या त्रिकोणाच्या आत येतात. कोनावरील द्रव्याचा पट्टा रुंद झाला, की तो कोन आत ओढला जातो आणि त्रिकोण लहान होतो. सबंध जगातील प्रयोगशाळा हे तीन कोन दूर ताणण्यासाठी झटत आहेत, याचे कारण हे आहे.

लाल रंगाची कथा

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चित्रे कृष्णधवल होती. भारतात रंगीत प्रक्षेपण आले ते १९८२ साली. त्या काळच्या संचात काचेची मोठी चित्रनलिका असे. तिच्या पडद्याच्या आतील बाजूस तीन प्रकारच्या फॉस्फर द्रव्यांचे ठिपके लावलेले असत आणि इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की ते उजळत.

रंगीत दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात पाश्चात्त्य देशांत या तिघांपैकी लाल द्रव्य फारच दुबळे होते. त्याचा प्रकाश मंद होता, शिवाय तो नारिंगीकडे झुकत असे. तिन्ही रंगांचा तोल साधण्यासाठी हिरव्या व निळ्या ठिपक्यांचे तेजही मुद्दाम कमी ठेवावे लागे. म्हणजे एका दुबळ्यासाठी दोन सबळांना हात आखडता घ्यावा लागत असे. लेव्हिन आणि पलिला या अमेरिकेतील संशोधकांनी १९६४ साली युरोपियम मिसळलेल्या यिट्रियम व्हॅनेडेटचे लाल फॉस्फर प्रसिद्ध केले आणि ही अडचण दूर झाली.

युरोपियम हे विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्य आहे. त्याच्या ज्या इलेक्ट्रॉनांमुळे प्रकाश मिळतो, ते अणूच्या आतील कक्षेत असतात आणि बाहेरील इलेक्ट्रॉनांचे त्यांना कवच मिळते. जुन्या वाड्यातील माजघराप्रमाणे त्यांच्यापर्यंत बाहेरचा गलबला फारसा पोहोचत नाही. भोवतालच्या स्फटिकाची कंपने त्यांना विशेष विचलित करीत नाहीत. यामुळे सुमारे ६१० ते ६२० नॅनोमीटरच्या दरम्यान अगदी अरुंद रेषांत तांबडा प्रकाश मिळतो. शुद्ध रंगाचा पहिला धडा निसर्गाने येथे दिला आहे : प्रकाश देणारा इलेक्ट्रॉन भोवतालच्या धक्क्यांपासून जितका सुरक्षित, तितका त्याचा रंग शुद्ध.

याच गुणामुळे ही द्रव्ये सुरक्षा मुद्रणासही उपयोगी पडतात. युरोच्या नोटा २००२ साली चलनात आल्यावर त्यांच्या अतिनील दिव्याखालील तांबड्या तेजाचा वर्णपट नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञांनी तपासला आणि त्यामागे युरोपियमची संयुगे असावीत, असा निष्कर्ष काढला. साधे चकाकणारे रंगद्रव्य बाजारात मिळू शकते. परंतु ठराविक जागी ठराविक अरुंद रेषा देणारे द्रव्य सहज नक्कल करता येण्यासारखे नसते, आणि यंत्राला ती रेषा अचूक ओळखता येते. नोटांच्या शाईतील घटक गोपनीय ठेवले जातात आणि ते तसेच राहणे लोकहिताचे आहे. तत्त्व मात्र सर्वांना समजण्यासारखे आहे.

रेणूला लावलेली शिस्त

चित्रनलिकेचे युग आता संपले. पातळ पडद्यांच्या युगात धातूंच्या क्षारांबरोबरच कार्बनी संयुगांचा उपयोग होऊ लागला. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली अतिपातळ सेंद्रिय थरांतून कमी दाबाच्या विजेने प्रकाश मिळवून दाखविला. आजच्या अनेक मोबाइलांचे पडदे त्या शोधाचे वंशज आहेत. ओएलईडी हे नाव आता दुकानदारांच्याही तोंडी रुळले आहे.

सेंद्रिय रेणूची खोड अशी, की ऊर्जा मिळताच तो आपला आकार किंचित बदलतो. त्याचे बंध ताणले जातात, काही भाग वळतात आणि सबंध रेणू थरथरतो. प्रकाश बाहेर पडताना या थरथरीचा वाटा कधी कमी, कधी अधिक वजा होतो. एकाच रंगाऐवजी शेजारचे अनेक रंग मिळून रुंद पट्टा तयार होतो तो यामुळे.

दुसरी अडचण ऊर्जेच्या अपव्ययाची आहे. विजेने उत्तेजित झालेल्या दर चार अवस्थांपैकी सरासरी एकच अवस्था साध्या अनुस्फुरक रेणूला प्रकाशात रूपांतरित करता येते. उरलेल्या तीन अवस्थांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. इरिडियम व प्लॅटिनम यांसारख्या जड धातूंची संयुगे वापरून तीही प्रकाशात आणता येते, पण हे धातू दुर्मीळ व महाग आहेत. जपानमधील क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली निराळा मार्ग दाखविला. प्रकाश देणारी व न देणारी या दोन ऊर्जापातळ्यांतील अंतर अत्यल्प राहील, अशी रेणूची रचना त्यांनी केली. मग खोलीतील साधी उष्णतासुद्धा त्या मुक्या अवस्थांना वरच्या, प्रकाश देणाऱ्या पातळीवर चढविण्यास पुरते. या रेणूंना मौल्यवान धातूंची गरज लागत नाही.

मात्र या रेणूंचा रंग बराच रुंद होता. त्यावर ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने २०१६ साली उपाय सुचविला. त्यांनी बोरॉन आणि नायट्रोजन यांचे अणू कार्बनच्या वलयांत अशा जागी बसविले, की सबंध रेणू एका ताठ, सपाट चौकटीसारखा झाला. उत्तेजित झाल्यावर इलेक्ट्रॉनाला रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागत नाही. तो केवळ शेजारच्या अणूवर सरकतो. बंध ताणले जात नाहीत, थरथर अल्प होते आणि रंग शुद्ध राहतो. याच मार्गाने २०१९ साली सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारा एक रेणू तयार झाला. द्रावणात त्याच्या पट्ट्याची रुंदी अवघी १४ नॅनोमीटर होती. सेंद्रिय रेणूनेही शिस्त पाळली, तर तो अरुंद पट्ट्यात प्रकाश देऊ शकतो, हे यावरून सिद्ध झाले.

प्रश्न सर्व सुटले असे मात्र नव्हे. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा अधिक असते आणि तीच ऊर्जा रेणूचे बंध हळूहळू तोडते. पडद्यावरील निळा घटक इतरांच्या आधी थकतो तो यामुळे. त्याचे आयुष्य वाढविणे हे आजच्या संशोधनाचे एक मोठे उद्दिष्ट आहे.

तिसरा मार्ग अतिसूक्ष्म स्फटिकांचा, म्हणजे क्वांटम ठिपक्यांचा आहे. हे अर्धवाहकाचे कण काही नॅनोमीटर एवढेच असतात. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, तर तेच द्रव्य सहा नॅनोमीटरच्या कणात तांबडा प्रकाश देते. पदार्थ एकच असून केवळ आकाराने रंग ठरतो! सर्व कण एकसारख्या मापाचे बनविता आले, तरच रंग शुद्ध मिळतो. या कार्यासाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅडमियम विषारी असल्यामुळे त्याऐवजी इंडियम फॉस्फाइडसारखी द्रव्ये वापरण्याकडे आता कल आहे.

विजेचा हिशेब

शुद्ध रंगाचा लाभ डोळ्यांच्या समाधानापुरताच नाही. घरोघरच्या सर्वसाधारण दूरचित्रवाणी संचात मागील बाजूस पांढरा प्रकाश असतो आणि प्रत्येक ठिपक्यापुढे रंगीत गाळणी असते. लाल गाळणी हिरवा व निळा प्रकाश अडविते, हिरवी गाळणी इतर दोन अडविते. म्हणजे वीज खर्चून निर्माण केलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गाळण्यांतच जिरतो. मागील प्रकाशातच तिन्ही रंग अरुंद व योग्य जागी असतील, तर गाळणीला अडविण्यासारखे कमी उरते.

लाल रंगाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ६५० नॅनोमीटरच्या पुढे डोळ्याची संवेदनक्षमता झपाट्याने घटते. लाल द्रव्याचा पट्टा रुंद असेल, तर त्याचा बराच भाग जवळजवळ न दिसणाऱ्या प्रदेशात सांडतो. वीज खर्च होते, उजेड मात्र मिळत नाही. मँगेनीज मिसळलेले पोटॅशियम फ्लुओसिलिकेट हे फॉस्फर सुमारे ६३० नॅनोमीटरच्या आसपास अरुंद रेषा देते, आणि म्हणूनच पडद्यांच्या उद्योगात त्यास महत्त्व आले.

मात्र प्रत्येक ठिकाणी अरुंद रंगच हवा, असे समजणे चुकीचे ठरेल. एलईडी दिव्यात निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शाळेचा वर्ग, आरोग्य केंद्र किंवा बाजारतळ येथे वस्तूंचे रंग खरे दिसावे लागतात आणि त्यासाठी रुंद, सूर्यप्रकाशासारखा भरलेला वर्णपट उपयोगी पडतो. पडद्यासाठी वेगळे द्रव्य, दिव्यासाठी वेगळे. ग्रामपंचायतीने दिवे खरेदी करताना केवळ वॅट आणि किंमत न पाहता, त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात, याचा वेष्टनावरील निर्देशांकही पाहावा, हे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रातील अभ्यास

ही विद्या महाराष्ट्रास नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फर द्रव्यांच्या संशोधनाची परंपरा आहे. डॉ. एस. व्ही. मोहरील आणि डॉ. एस. जे. ढोबळे यांची नावे या क्षेत्रातील अभ्यासकांना परिचित आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनुस्फुरक रंगद्रव्यांवर काम झाले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचा उपयोग किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणाऱ्या कामगारांच्या छातीवरील बिल्ल्यात केला. हे द्रव्य शोषलेल्या किरणांची नोंद आपल्यात साठवून ठेवते आणि नंतर तापविले असता त्या प्रमाणात प्रकाश देते. त्या प्रकाशावरून कामगाराला किती मात्रा पोहोचली ते मोजता येते. नोटेवर जे द्रव्य विश्वासाचे रक्षण करते, त्याचाच भाऊबंद येथे माणसाच्या जिवाचे रक्षण करतो.

कच्च्या मालाची स्थितीही समजून घ्यावी लागेल. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनॅझाइट हे खनिज आढळते आणि मुंबईत मुख्यालय असलेला आयआरईएल हा सार्वजनिक उपक्रम त्यापासून विरल मृत्तिका मिळवितो. तथापि या खनिजात सिरियम, लँथॅनम व निओडिमियम यांचे प्रमाण अधिक असून युरोपियमसारखी, रंगासाठी विशेष उपयोगी पडणारी मूलद्रव्ये अल्प असतात. खनिज आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. जुन्या दिव्यांतून व पडद्यांतून ही मूलद्रव्ये परत मिळविणे, तसेच त्यांची गरजच भासू नये असे सेंद्रिय रेणू घडविणे, हे दोन्ही मार्ग चोखाळावे लागतील.

नाशिकचा धडा

या ठिकाणी नाशिकचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. पूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनमध्ये छापली जात. १९२५ साली नाशिक रोड येथे मुद्रणालय सुरू झाले, १९२८ पासून येथे नोटांची छपाई होऊ लागली आणि १९३२ पर्यंत भारतीय चलनी नोटांची सबंध मालिका नाशिकलाच छापली जाऊ लागली. जहाजाने येणारा माल येथेच तयार होऊ लागला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

तथापि छपाई आली म्हणजे सर्व काही आले, असे झाले नाही. नोटेच्या कागदासाठी दीर्घकाळ परदेशावर अवलंबून राहावे लागले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, आजचे नर्मदापुरम, येथे प्रतिभूती कागद कारखाना सुरू झाला तो १९६८ साली. पुढे म्हैसूर येथेही नोटेच्या कागदाचा कारखाना निघाला. देवास येथील १९७४ च्या मुद्रणालयास सुरक्षा शाईच्या कारखान्याची जोड मिळाली. नाशिक येथील पहिल्या नोटेपासून स्वदेशी कागदापर्यंत चाळीस वर्षे लागली. यंत्र बसविणे तुलनेने सोपे असते. त्या यंत्रात घालावयाचे द्रव्य घडविणे कठीण असते.

पडद्यांच्या उद्योगात देश आज त्याच टप्प्यावर उभा आहे. मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच भारतात जोडले जातात. परंतु त्यांचे पडदे आणि त्यांतील प्रकाश देणारी द्रव्ये मुख्यतः बाहेरून येतात. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा जो कार्यक्रम मंजूर केला, त्यात पडद्यांच्या कारखान्यांसाठीही योजना आहे. कारखाने उभे राहतील तेव्हा राहतील. पण त्यांना लागणारे रेणू, फॉस्फर व स्फटिक घडविणारी माणसे आधी तयार व्हावी लागतील. ती माणसे आज गावोगावच्या शाळांत शिकत आहेत.

शाळेत आणि पंचायतीत

शिक्षकांना या विषयाची गोडी लावण्यासाठी महागड्या साहित्याची गरज नाही. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दिव्याचे प्रतिबिंब पाडले तर वर्णपट दिसतो. एलईडी दिव्याचा वर्णपट बव्हंशी सलग दिसेल. जुन्या सीएफएल दिव्याच्या वर्णपटात मात्र रंग तुटक, वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतील. त्यांतील ठसठशीत तांबडा पट्टा युरोपियमचा आणि हिरवा टर्बियमचा असतो. रुंद आणि शुद्ध रंगांतील भेद विद्यार्थ्यांना याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही. सीएफएल दिव्यात पारा असतो. तो फुटू देऊ नये आणि निकामी झाल्यावर कचऱ्यात टाकू नये.

अतिनील प्रकाशाची लहान विजेरी उपलब्ध असेल, तर स्पिरिटमध्ये कालविलेली हळद पिवळसर हिरव्या तेजाने चमकताना दिसेल. पालकाची पाने स्पिरिटमध्ये वाटून गाळलेला हिरवा अर्क गडद तांबडा प्रकाश देईल. कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकारक द्रव्ये निळसर उजळतील. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे आणि विजेरीचा झोत कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये.

नोटेची परीक्षा याच प्रयोगाचा पुढचा भाग आहे. लिहिण्याच्या साध्या पांढऱ्या कागदात शुभ्रकारक द्रव्ये असल्यामुळे तो अतिनील प्रकाशात निळसर झळकतो. नोटेचा कापसापासून केलेला कागद तसा झळकत नाही. मात्र एवढ्यावरून निर्णय देऊ नये. खिशात राहून पावडरीने धुतली गेलेली खरी नोटसुद्धा निळसर दिसू शकते. म्हणून जलचिन्ह, हाताला जाणवणारी उठावाची छपाई, सुरक्षा धागा आणि अनुस्फुरण या सर्व खुणा एकत्र पाहाव्यात. नव्या ५०० रुपयांच्या नोटेचा धागा तिरपा केला असता हिरव्याचा निळा दिसतो. त्यासाठी दिव्याचीही गरज नाही.

वसुली करणाऱ्या कर्मचाऱ्यास संशयास्पद नोट आढळली, तर ती दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा. बनावट असल्याचे ठाऊक असताना नोट पुढे चालविणे हा गुन्हा आहे. नोट बँकेत नेऊन तपासून घ्यावी आणि बनावट ठरल्यास पोच मागून घ्यावी. एकाच व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्या तर बँक त्यांची माहिती महिन्याच्या एकत्रित अहवालाने पोलिसांना कळविते; पाच किंवा अधिक आढळल्यास लगेच फिर्याद दाखल केली जाते. ग्रामसभेत वर्षातून एकदा खऱ्या नोटेच्या खुणा लोकांना समजावून सांगितल्या, तर ज्यांना तोटा सोसणे सर्वांत कठीण जाते अशा अनेक कुटुंबांचे रक्षण होईल.

शुद्ध रंग आपोआप मिळत नाही. इलेक्ट्रॉनाला निवारा द्यावा लागतो, रेणूची चौकट ताठ करावी लागते, कणांचे माप एकसारखे राखावे लागते आणि हे सर्व करणारा कारागीर विद्येने सज्ज असावा लागतो. तिकिटे आणि नोटा येथेच छापता येतात, हे नाशिकने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. कागद व शाई येथे घडविता येतात, हे त्यापुढील पिढ्यांनी दाखविले. प्रकाश देणारी द्रव्येही येथे घडविता येतील. त्याचा आरंभ मोठ्या कारखान्यापासून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक सीडी, एक दिवा आणि प्रश्न विचारणारी मुले एवढी सामग्री प्रत्येक गावात आहे.